सोने होय ना करावे

नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा एका गृहस्थांनी मला विचारलं, "बाई, तुम्हाला सोनं करता येतं का?" मी चोवीस वर्षांची होते. मला तेव्हा धड आमटी करता येत नव्हती. "नाही," म्हटल्यावर ते म्हणाले, "मग इथे कशाला बसलात?" आणि जिना उतरून गेले.

इथे म्हणजे ठाकूरद्वारच्या एका जुन्या ग्रंथसंग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर. हस्तलिखितांचा विभाग. त्या विभागाची सूची करणं हे माझं काम होतं, आणि निवृत्त होईपर्यंत तेच राहिलं. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर पोथ्या वाचतो. तसं नाही. आम्ही पोथी ओळखतो. रुमाल सोडायचा, मऊ ब्रशनं धूळ काढायची, पानं मोजायची, सुरुवात कशी होते आणि शेवट कसा होतो ते उतरवायचं, विषय लिहायचा, पुन्हा रुमालात बांधायची. बांधताना वेखंडाची पुरचुंडी आत, कसर लागू नये म्हणून. एका पोथीशी तुमची ओळख ही एवढीच. एखादी फारच आवडली तर जेवणाच्या सुट्टीत डबा लांब ठेवून चार पानं वाचायची.

आमच्याकडे एक अख्खं कपाट रसविद्येचं होतं. रस म्हणजे पारा. पाऱ्यापासून सोनं करणं, पाऱ्यापासून औषध करणं, आणि जमलं तर पाऱ्याच्या जोरावर म्हातारपण टाळणं, असा तो सगळा कारभार. त्या कपाटाला जेवढी माणसं भेटायला आली तेवढी वेदांताच्या कपाटाला आली नाहीत.

एक निवृत्त बँक अधिकारी दर मंगळवारी यायचे. त्यांना देह अजर करण्याचा प्रयोग हवा होता. दोन जिने चढून आले की आधी दहा मिनिटं गुडघे चोळत बसायचे. दादरच्या एका कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते, ते प्रत्येक पानाला हसायचे. पारा म्हणजे शंकराचं वीर्य, गंधक म्हणजे पार्वतीचं रज, असं वाचलं की त्यांना हसू आवरायचं नाही. एक दिवस एका पानावर ऊर्ध्वपातनाची, म्हणजे पारा उडवून पुन्हा थंड करून धरण्याची भांडी काढलेली होती. तिथे ते थांबले. बराच वेळ बघून म्हणाले, "हे बरोबर आहे." त्या दिवशी ते नंतर एकदाही हसले नाहीत आणि निघताना छत्री विसरून गेले.

मी स्वतः या कपाटापुढे कायम गोंधळलेली असायची, आणि हे कबूल करायला मला आता संकोच वाटत नाही. या पोथ्या कळू नयेत म्हणूनच लिहिलेल्या असतात. एका वस्तूला वीस नावं, एका नावाच्या पाच वस्तू. कृती सांगता सांगता ऐन मोक्याला लेखक म्हणतो, पुढचं गुरूच्या मुखातून समजून घ्यावं. स्वयंपाकाच्या पुस्तकात लिहावं की फोडणीत काय घालायचं ते सासूला विचारा, आणि सासूचा पत्ता देऊ नये, तसं.

यातून बाहेर पडायला मी झुबेदाकडे जायची. झुबेदा मूळची दापोलीकडची. आमच्याकडे आठवड्यातून दोन दिवस फारसी-अरबी हस्तलिखितांसाठी यायची, माझ्यासारखंच मराठी बोलायची, फक्त माझ्याहून जास्त पुस्तकं वाचलेली. तिनंच मला सांगितलं की आपण येताजाता वापरतो तो 'किमया' हा शब्द अरबीतून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आला.

"म्हणजे ही विद्या तुमच्याकडून आमच्याकडे आली," मी म्हटलं.

"माझ्या समोरच्या या पुस्तकात लिहिलंय की ती हिंदच्या हकिमांकडून शिकावी," ती म्हणाली.

मग मला आठवलं, माझ्या एका पोथीत लिहिलं होतं की खरी कृती महाचीनात मिळते. चिनी ग्रंथांबद्दल झुबेदानं वाचलं होतं. तिथे हिंगुळाच्या, म्हणजे पाऱ्याच्या त्या लाल खनिजाच्या गोळ्या करत, अमर व्हायला. काही राजे त्या खाऊनच गेले. आणि तिथलेही लोक म्हणायचे, खरे अमर लोक समुद्रापलीकडच्या बेटांवर राहतात. युरोपातल्या पोथ्यांत सिंह, साप, हौदात अंघोळ करणारे राजाराणी अशी चित्रं असतात, आणि ते लोक श्रेय देतात अरबांना.

"प्रत्येक जण दुसऱ्याच्या गावाकडे बोट दाखवतो," झुबेदा म्हणाली. "मला तर वाटतं कुठल्याच गावात काही नाही."

"मग ती प्राध्यापकांची भांडी?"

यावर तिनं चहा मागवला. आमचे बरेच वाद चहावर संपायचे.

दत्ताराम परब आले ते माझ्या नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत. सत्तरीच्या पुढचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. लालबागला राहतो म्हणाले. चाळ पाडून टॉवर झाला, त्यात सतराव्या मजल्यावर जागा मिळाली. स्वतः परळच्या एका गिरणीत रंगखात्यात होते, गिरणी बंद होईपर्यंत. पिशवीतून त्यांनी एक बाड काढलं. लांबट, वरच्या बाजूनं शिवलेलं, मोडी अक्षरातलं.

"आमच्या आज्याचं आहे. मालवणकडचं," ते म्हणाले. "कोणाला धड वाचता येत नाय. एकच पान वाचून द्या. हे."

पान उघडून त्यांनी बोट ठेवलं. पानाला त्यांनी वर्तमानपत्राचा कपटा खूण म्हणून घातला होता. मी वाचू लागले. तांब्याचा पत्रा, पारा, आणखी दोनतीन वस्तू, त्यातल्या एकीचं नाव आमच्या कपाटातल्या कुठल्याही पोथीत नव्हतं. पाऱ्याला एका ठिकाणी 'सीमाब' म्हटलं होतं, ते फारसी. मालवणच्या माणसाच्या मोडीत फारसी शब्द पाहून मी सुखावले, झुबेदाला हाक मारायच्या बेतात होते. आणि मग शेवटची ओळ आली.

मोडी लिहिताना लेखणी उचलत नाहीत. शब्द एकमेकांना चिकटलेले असतात. विरामचिन्हं नाहीत. कुठे तोडायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. ती ओळ अशी होती: सोनेहोयनाकरावे. त्यापुढे कसरीनं पान खाल्लं होतं.

"सोने होय. ना करावे." सोनं होतं, पण करू नये. असं वाचता येतं.

"सोने होयना. करावे..." सोनं होत नाही, करावं, आणि पुढे जे काही होतं ते किड्यानं खाल्लं. पुन्हा करावे असेल. निराळ्या रीतीनं करावे असेल. असंही वाचता येतं.

मी परबांना दोन्ही सांगितलं.

"बाई, पहिलंच लिहून द्या."

"तसं नाही देता येत. दोन्ही शक्य आहेत."

"तुमचा शिक्का असतो ना? कागदावर पहिलं लिहा आणि शिक्का मारा. दुसऱ्याची काय गरज आहे?"

आता मला त्यांची ओळख पटली, किंवा पटली असं वाटलं. अशी माणसं मी तीस वर्षं पाहिली होती. 'सोने होय' एवढं शिक्क्यासकट मिळालं की ते घेऊन कोणाला तरी दाखवायचं, आणि मग पुढचे उद्योग. मी ताठ झाले. म्हटलं, "परब, मी वाचते ते लिहिते. कोणाला हवं ते लिहीत नाही." संग्रहालयाच्या कागदावर दोन्ही वाचनं लिहिली, खाली 'दोन्ही वाचने संभवतात' असं लिहिलं, सही केली, शिक्का मारला. आपण फार चोख काम केलं असं मला त्या वेळी वाटलं, हे लिहून ठेवलं पाहिजे.

परबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. जिन्याशी थांबून म्हणाले, "तुम्हाला विचारायला यायला माका तीन महिने लागले." मला या वाक्याचा अर्थ लागला नाही, आणि मी तो लावायच्या फंदात पडले नाही.

चार महिन्यांनी ते पुन्हा आले. पिशवी नव्हती. शर्टाला इस्त्री नव्हती. खुर्चीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं, न थांबता, आणि मला ते ऐकत असताना समोरच्या पोथीचा रुमाल बांधवेना.

त्यांचा धाकटा भाऊ शांताराम. तोही रंगखात्यात, पण दत्तारामांसारखा हंड्यावरचा कामगार नव्हे, रंग जुळवणारा. गिऱ्हाइकानं कापडाचा तुकडा आणला की शांताराम तो उजेडात धरून सांगायचा, यात काय किती आहे. मास्तर लोक मशीनवर ताडून बघायचे आणि शांतारामचं बरोबर निघायचं. गिरणी बंद पडल्यावर त्यानं वॉचमनकी केली, कुरियर केलं, एका सोसायटीत लिफ्ट चालवली. बायको गेल्यापासून भावाकडे. वर्षभरापूर्वी गावचं घर आवरताना हे बाड मिळालं. मोडी शांतारामला थोडी यायची, बापाकडून शिकलेला. आणि मग त्यानं सुरू केलं. गच्चीच्या आधीच्या जिन्याच्या खोपच्यात, पंपाच्या खोलीमागे, सोसायटीच्या लोकांना कळू न देता. पारा गरम करायचा.

"हात थरथरतात त्याचे. हिरड्यांतून रक्त येतं. शब्दाशब्दाला चिडतो, पूर्वी तोंडातून आवाज नव्हता त्याच्या. मी म्हटलं, आज्यानं लिहिलंय करू नको. तो म्हणाला, तसं नाय लिहिलं. तीन महिने भांडलो, मग ठरलं, शिकलेल्या माणसाकडून वाचून आणू, ते लिहितील ते दोघांनी मानायचं." ते थांबले. "तुमचा कागद त्यानं भिंतीला चिकटवलाय. दुसरी ओळ लाल पेनानं अधोरेखित केलीय. म्हणतो, पुन्हा करावे."

मला 'सोने होय' ऐकू आलं होतं. ते मागत होते ते 'ना करावे' होतं.

मी झुबेदाला सांगितलं. तिनं समोरची पोथी मिटली. मग म्हणाली, "तू खोटं लिहायला हवं होतंस असं मी म्हणू शकत नाही. आणि बरं केलंस असंही म्हणवत नाही." तिच्याकडूनही काही मिळालं नाही म्हटल्यावर मी उठले आणि त्याच दुपारी परबांबरोबर टॅक्सीनं लालबागला गेले. नोकरीच्या इतक्या वर्षांत मी वाचकाच्या घरी कधी गेले नव्हते. जाऊ नये असा नियम नव्हता, पण जायची रीतही नव्हती.

शांताराम परब खिडकीशी बसले होते. बारीक माणूस, डोक्यावर पांढरे दाट केस. हात मांडीखाली दाबून धरले होते, म्हणजे थरथर दिसू नये. भिंतीवर माझी सही होती.

दत्ताराम म्हणाले, "ह्याच त्या वाचणाऱ्या बाई. विचार काय ता."

शांताराम माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हाला वाटतंय मी सोनं करतोय."

"नाही का?"

"दादाक पण तसाच वाटता. सोनं घेऊन मी काय करू, कोणाला घालू?" त्यांनी मांडीखालून एक हात काढला, खिडकीच्या कठड्यावरचा तांब्याचा पत्रा उचलला. पत्रा त्यांच्या हातात इतका हलत होता की मला आधी त्याचा रंग दिसेना. मी तो हातात घेतला. एका कोपऱ्यात, दोन बोटं जागेवर, तांबं तांबं नव्हतं. पिवळं होतं. पितळेचा पिवळा नव्हे. मी उजेडात धरला, तिरपा केला. काय आहे ते मला सांगता येईना.

"ह्या रंगाचा काम आसा," ते म्हणाले, आणि मग माझ्यासाठी नीट मराठीत, "धातू रंगवायचं काम आहे हे, बाई. आधी घासून तेल काढायचं, मग रंग धरायला आंबट पाणी, मग रंग, मग ताप. कापडाचं काय वेगळं करतो आम्ही? आज्या देवाचे मुखवटे उजळायचा. सोन्याची छटा आणायची होती त्याला. सोनं होत नाही हे त्याला माहीत असणारच ना. म्हणून लिहिलंय, होयना. करावे."

मी तीस-पस्तीस वर्षं ज्या कपाटापुढे बसले होते त्या कपाटातल्या कितीतरी ओळी त्या क्षणी माझ्या डोक्यात गर्दी करू लागल्या. 'रंजन' हा शब्द मी शेकडो वेळा उतरवला होता. पाऱ्याचं रंजन, धातूचं रंजन. मी त्याच्यापुढे 'एक संस्कार' असं लिहून पुढचं पान उलटलं होतं. रंजन म्हणजे रंगवणं. झुबेदानं एकदा सांगितलं होतं की पश्चिमेकडच्या अगदी जुन्या कृतींतही धातू रंगवणं आणि कापड रंगवणं शेजारी शेजारी येतं, आणि आम्ही त्यावर चहा मागवला होता. हा माणूस म्हणत होता ते खरं असेल तर अर्ध्या कपाटाचा विषय मी चुकीचा लिहिला होता. आणि नसेल तर? त्याच पोथ्यांत वजनी सोनं व्हावं म्हणून देवाला हात जोडणारेही होतेच. मला काही ठरवता येईना.

"छटा आली का?" मी विचारलं.

"दोन बोटं आली. टिकली नाही बाकी. अजून एक ताप द्यायला हवा."

दत्ताराम माझ्याकडे बघत होते. हिरड्यांचं, हातांचं त्यांनी सांगितलेलं सगळं माझ्या समोर बसलेलं होतं. मी उठून भिंतीवरचा कागद काढला. चिकटपट्टीबरोबर थोडा रंगही निघाला.

"मी पुन्हा वाचलं," मी म्हटलं. "ना करावे, असं आहे."

शांतारामांनी मान वर केली. "वाचून सांगताय की माझ्याकडे बघून?"

मी खोटं बोलायची तयारी करूनच आले होते. टॅक्सीत वाक्य पाठ केलं होतं, अक्षराच्या वळणाबद्दल, न आणि ना बद्दल. ते सगळं नाहीसं झालं.

"बघून," मी म्हटलं.

खाली कुठेतरी ढोल बडवण्याचा सराव चालला होता. मग त्यांनी पत्रा माझ्या हातातून घेतला, कठड्यावर ठेवला नाही, दत्तारामकडे दिला. "ठेव तुझ्याकडे," म्हणाले. "पारा बाटलीत आहे, पंपाच्या मागे. सांडू नको. हात लावू नको."

पाऱ्याची ती बाटली आणि भांडी हलवायला कोणाला बोलवायचं हे कळेना, तेव्हा मी त्या हसणाऱ्या प्राध्यापकांना फोन केला. ते एका विद्यार्थ्याला घेऊन, तोंडाला मास्क लावून, सगळं नीट भरून घेऊन गेले. जाताना त्यांनी पत्रा पाहायला मागितला. पाहिला आणि परत दिला. मी विचारलं, काय आहे? ते म्हणाले, तपासून सांगतो, एक तुकडा द्या. शांताराम म्हणाले, तुकडा मिळणार नाही. मग ते राहिलंच.

इस्पितळात शांतारामांवर बरेच दिवस उपचार झाले. हिरड्या सुधारल्या. चिडणं गेलं. हातांची थरथर कमी झाली, गेली नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. चार महिने आधी माझ्याच एका कागदावर ही वेळ अडली होती, हे डॉक्टरांना कोण सांगणार? कधी वाटतं, मी पहिलंच वाचन लिहून दिलं असतं तर हे टळलं असतं. कधी वाटतं, शांतारामांनी दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतलं असतं, आणि माझ्यावर विश्वास उरला नसता, आणि मग त्या दिवशी 'बघून' म्हटल्यावर ते थांबले नसते. मी यावर पुष्कळ विचार केला आहे आणि दर वेळी निराळ्या ठिकाणी पोचते.

निवृत्तीच्या दोन महिने आधी दोघे भाऊ संग्रहालयात आले. बाड द्यायचं होतं. दत्ताराम म्हणाले, घरी राहिलं तर पुन्हा उघडलं जाईल. शांताराम हसले, म्हणाले, तसं नाय, कसर लागतेय.

देणगीच्या अर्जावर सही शांतारामांनी करायची असं दोघांत ठरलं होतं. त्यांनी पेन घेतलं. पूर्ण नाव लिहायला त्यांना फार वेळ लागला. दत्ताराम खिडकीबाहेर बघत राहिले. झुबेदा तिच्या टेबलावर एकाच पानावर खिळून बसली होती. मी कुठे बघावं ते मला कळेना, म्हणून मी नोंदवही उघडली.

"लेखकाचं नाव काय लिहिता?" सही झाल्यावर शांतारामांनी विचारलं.

मी सांगितलं की बाडात कुठेच नाव नाही. सुरुवातीला नाही, शेवटच्या पानावर नाही. अशा वेळी आम्ही 'अज्ञात' लिहितो. नाव लिहायचं तर ते बाडात सापडावं लागतं किंवा दुसऱ्या एखाद्या कागदाचा पुरावा लागतो. घरच्यांनी सांगितलेलं चालत नाही, कारण प्रत्येक घर आपल्या पूर्वजाचंच नाव सांगतं. हे मी नव्या माणसांना वर्षानुवर्षं शिकवत आले होते.

"अज्ञात," ते म्हणाले. "म्हणजे कोण होता ते माहीत नाय."

"हो."

"माका माहीत आसा. भिकाजी विठोबा परब."

झुबेदानं मान वर केली नाही, पण तिचं पान उलटणं थांबलं होतं. मी लेखकाच्या रकान्यात 'भिकाजी विठोबा परब' असं लिहिलं. शेजारच्या पुराव्याच्या रकान्यात काय लिहावं यावर थोडा वेळ गेला. मग लिहिलं, 'नातवाने सांगितले.' माझ्यानंतर आलेल्या मुलीनं ती नोंद पाहिली तर ती खोडायची की ठेवायची ते ती ठरवील, आणि तिनं खोडली तर मी तिला चूक म्हणणार नाही.

शांतारामांनी वही स्वतःकडे वळवून घेतली. देवनागरी अक्षरांवरून बोट फिरवत, आडनावापर्यंत, हळू वाचलं. मग म्हणाले, "विठोबाचा ठो नीट काढलात," आणि वही माझ्याकडे सरकवली.